साडूचं विमान

नाशिक, ६ जानेवारी २०२५

शेखरराव,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिणार होतो. इतक्या वर्षांची सवय. पण हात वळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

ओझर ते नाशिक अर्ध्या तासाचा रस्ता, दोघांच्या खिशात मोबाईल, आणि भाऊंनी पोस्टाने पत्र पाठवायचं काय कारण, असं तुमची उज्वला म्हणेल. तिला सांगा, फोनवर तुम्ही गप्प बसाल, आणि तुमच्या गप्प बसण्याचे अर्थ काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. कागदावर तसं बसता येत नाही. कोरा कागद पाठवलात तरी मी तो उत्तर म्हणून धरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

परवा द्वारका चौकात सिन्नरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. माझ्या जुन्या शाळेत विज्ञान दिनाला माझ्या पुस्तकातल्या 'काळी घार' विमानाची प्रतिकृती बसवणार आहेत, हे तुम्हाला दिवाळीत सांगितलं होतं. त्याचंच माप बघायला निघालो होतो. शेजारी एक गृहस्थ उभे होते, हातात विमान कारखान्याचं नाव छापलेली जुनी पिशवी. आपल्याला राहवतंय थोडंच! विचारलं, ओझरला होतात का?

"पूरी नोकरी तिथंच काढली," ते म्हणाले. अकबर शेख नाव.

मी म्हटलं, "आमचे साडू होते तिथे. शेखर बोरस्ते." आणि सांगतो शेखरराव, हे म्हणताना माझी छाती फुगली होती. नेहमीच फुगायची.

"अरे, अपना शेखर! तुम्ही साडू त्याचे? एकाच सेक्शनला होतो ना आम्ही. कॉलनीचा पाणीपुरवठा. अर्ध्या क्वार्टर्सला तो पाणी सोडायचा, अर्ध्यांना मी. काय माणूस हो! एक दिवस कुणाला बिनपाण्याचं ठेवलं नाही."

मी हसलो. म्हटलं, "नाही हो, ते दुसरे कोणी असतील. आमचे शेखरराव विमानावर होते. बंद शेडमध्ये."

अकबरभाईंनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. "शेडच्या मागं टाकी होती ना मोठी," ते म्हणाले, "तिच्या सावलीला आम्ही डबा खायचो. शेडमध्ये आम्हाला कोण सोडणार?"

मग त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. तुमच्या निरोपाच्या दिवसाचा. गळ्यात हार, हातात नारळ, मागे टाकीची शिडी, आणि तुमच्या चेहऱ्यावर तेच हसू, जे मला वणीला सासरच्या गच्चीवर दर दिवाळीला बघायला मिळायचं. सिन्नरची गाडी आली नि गेली, मी तिथेच उभा राहिलो.

मी कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, कारण आज माझी मलाच खात्री वाटेनाशी झालीय. मी सोमनाथ लोंढे, शाळेतला इतिहासाचा मास्तर, निवृत्त. विमानांच्या इतिहासावर मराठीत तीन पुस्तकं लिहिली. तिसऱ्यात एक प्रकरण आपल्या या भागात गुपचूप तयार होऊन गुपचूपच गुंडाळल्या गेलेल्या एका काळ्या विमानाचं आहे. तेवढंच प्रकरण लोकांनी वाचलं. त्यावर व्याख्यानं झाली, दिवाळी अंकांनी ते उचललं, पोरं त्याची चित्रं काढतात. त्या प्रकरणाखाली बारीक टाइपात छापलंय: 'नाव न सांगण्याच्या अटीवर माहिती देणाऱ्या एका विश्वसनीय गृहस्थांच्या आधारे.' ते गृहस्थ तुम्ही.

मला एवढंच कळवा. अकबरभाई खरं बोलतात का? हो किंवा नाही.

सोमनाथ लोंढे


नाशिक, १९ जानेवारी २०२५

शेखरराव,

बसलात ना गप्प!

उत्तर नाही, आणि उज्वलाचा फोन मात्र येतो. तोही मला नाही, बहिणीला, रत्नाला. दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या आणि मी बाहेर पेपर उलटा धरून बसलो होतो. रत्ना बाहेर येऊन म्हणते काय, "शेखरच्या गुडघ्याला सूज आलीय म्हणे." अरे वा! मला इथे फेफरं यायची वेळ आलीय आणि ह्यांना गुडघ्याचं पडलंय. बायकोला मी अजून काही बोललेलो नाही. बोलायचं म्हणजे आधी स्वतःच्या कानाने ऐकावं लागेल की मी काय म्हणतोय.

तुम्हाला ती पहिली दिवाळी आठवते? तुमचं लग्न होऊन सहा-सात महिने झाले होते. वणीला सासूबाईंनी गच्चीवर आपल्या दोघांना फराळाची ताटं देऊन बसवलं. थोरल्या जावयाने धाकट्याची चौकशी करायची, ही रीतच. मी विचारलं, कारखान्यात काय काम असतं? तुम्ही म्हणालात, "सोडा हो भाऊ, सणासुदीला कामाचं काय काढायचं." मी मनात म्हटलं, वा! पक्का माणूस. घरच्यांपाशीसुद्धा ताकास तूर लागू देत नाही.

मग मी तुम्हाला ती गोष्ट सांगितली, जी तोवर रत्नालाही धड सांगितली नव्हती. तेरा वर्षांचा होतो. सिन्नरच्या माळावर क्रिकेट खेळत होतो, आणि डोक्यावरून एक विमान गेलं. इतकं खालून की स्टंप हलले. काळंभोर. पंखावर ना आकडा, ना झेंडा, ना काही खूण. पोरांनी वर पाहिलं नि पुन्हा बॉल टाकला. मी नाही टाकू शकलो, शेखरराव. ज्याच्यावर नावगाव काही नाही असं एवढं मोठं काहीतरी आपल्या डोक्यावरून जातं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नाही, हे माझ्या डोक्यातून पुढे कधी गेलंच नाही. पोलीसपाटलाला विचारलं, मास्तरांना विचारलं, मोठेपणी हवाईदलातल्या निवृत्त लोकांना पत्रं घातली. सगळे म्हणाले, भास झाला असेल. तुम्ही पहिले, जे म्हणालात, "असेल."

एक शब्द. पण त्या 'असेल'वर मी इमला बांधला.

गुप्त विमानांचा इतिहास लिहिणाऱ्याला कागद मिळत नसतात. जो फार बोलतो त्याला काही ठाऊक नसतं, आणि ज्याला ठाऊक असतं तो बोलत नाही. म्हणून आमच्यात एक पद्धत आहे. माणसाला विचारत राहायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. ठासून 'नाही' म्हणाला तर संशय घ्यायचा. हसला तर ती वाट सोडायची. गप्प बसला तर मात्र खूण करून ठेवायची. तुमच्याइतकं सुंदर गप्प बसणारा माणूस मला जगात दुसरा भेटला नाही.

मी विचारायचो, "एकच शेपटी होती का?" तुम्ही हसायचात. "मग दोन?" तुम्ही चकलीचा तुकडा मोडून सप्तशृंगीच्या डोंगराकडे बघत बसायचात. मी लिहायचो, शेपट्या दोन. "हवा आत घ्यायचं तोंड पोटाखाली?" हसू. "पाठीवर?" तुम्ही खाली वाकून हाक मारायचात, "उज्वला, चहा टाक गं!" मी लिहायचो, तोंड पाठीवर. असं दिवाळीमागून दिवाळी करत तुमच्या चकल्या आणि चहातून मी एक अख्खं लढाऊ विमान उभं केलं. लांबी, रुंदी, वजन, सगळं. ते का गुंडाळलं गेलं याचं कारणसुद्धा तुमच्या एका उसाशावरून काढलं!

आता मला सांगा, डोंगराकडे बघत होतात तेव्हा तुमच्या डोक्यात काय असायचं? व्हॉल्व्ह बंद केला की नाही, हे?

उत्तर पाठवा. या वेळी हसून भागणार नाही.

सोमनाथ


नाशिक, ४ फेब्रुवारी २०२५

शेखरराव,

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे तुमचं. कधी पाहिलंच नव्हतं.

तीन वेळा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर माझं डोकं फिरलं. 'भाऊ, मी एकदा तरी हो म्हणालो का? आठवून सांगा.' शाब्बास! वकील व्हायला हवं होतं तुम्ही. हो म्हणाला नाहीत, मान्य. एकदाही नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्ही फक्त एका माणसाला भर उजेडात खड्ड्याकडे चालत जाताना बघितलंत, आणि चकली खाल्लीत.

सोयरीक जुळवताना तुमच्या मामांनी वणीला सांगितलं की पोरगा विमानं बनवतो, हे मी समजू शकतो. सोयरिकीत कुणाचा मामा खरं बोलतो? माझ्या वेळी माझ्या मामांनी पोराची तीन एकर बागायत आहे असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात विहिरीत बेडूक. लग्नानंतर तुम्ही उज्वलाला खरं सांगितलंत, ती हसली, आणि वणीला सांगायचं राहून गेलं, हेही समजतं. पण मला? वर्षातून एकदा माझ्या मांडीला मांडी लावून बसत होतात तुम्ही. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मी तुमच्या हातात दिली. तुम्ही ते प्रकरण उघडलंत, वाचलंत, आणि कपाळाला लावून परत दिलंत. मला वाटलं, शपथेने बांधलेला माणूस याहून जास्त काय करणार! माझे डोळे भरून आले होते हो.

तुम्ही लिहिता, 'सासरी मला कुणी काही विचारायचं नाही. पाणी, गुडघे, पाऊस, संपलं. तुम्ही खुर्ची जवळ ओढून विचारायचात. वर्षभर मी त्या संध्याकाळची वाट बघायचो.' हे वाचून मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं याचा आणखी राग आला. तुमची संध्याकाळ छान गेली, शेखरराव. माझं आयुष्य गेलं.

पुढे तर कमालच केलीत. 'तिसऱ्या-चौथ्या वर्षी तुम्हाला कळलंच असेल असं मी धरून चाललो होतो. तुम्हाला एक विमान पाहिजे होतं आणि माणूस पाहिजे होता. मी नसतो तर दुसरा कुणी गप्प बसला असता.' म्हणजे आता मीच लबाड! हे म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा झाल्या. मी तुम्हाला वापरलं म्हणता? मी तुमच्यावर विश्वास ठेवला. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि तुम्हाला त्या एक वाटतात हेच मला सगळ्यात जास्त लागलंय.

आता शेवटच्या परिच्छेदाबद्दल. मी विज्ञान दिनाला स्टेजवरून सगळं सांगून टाकणार, प्रतिकृतीवरचा कपडा काढायच्या आधीच सांगणार की हे विमान कधी नव्हतं, असं मी पहिल्या पत्राच्या दिवशीच ठरवलं होतं. इतिहास लिहिणाऱ्याकडे दुसरं काय असतं? चुकीचं लिहिलं तर उठून सांगायचं, एवढीच आमची अब्रू. आणि तुम्ही लिहिता, वैष्णवी येणार आहे. 'पोरगी विमानाची इंजिनिअर झाली ती बापाकडे बघून. बाप शेडमध्ये होता यावर तिचा जीव आहे. तिच्यासमोर एवढं राखा.'

माझ्या मांडीवर बसून कागदाची विमानं उडवायला शिकली ती पोर. तिचं नाव पुढे करता? लाज नाही वाटत?

विचार करून कळवतो.

सोमनाथ


नाशिक, २२ फेब्रुवारी २०२५

शेखरराव,

काल बंगळुरूहून वैष्णवीचा फोन आला. "काका, रजा टाकलीय. कपडा तुम्ही काढायचा, आणि मी पहिल्या रांगेत बसून शिट्टी मारणार. पप्पांचा गुडघा दुखतोय म्हणे, ते येत नाहीत. पण आजी येणार आहे वणीहून."

तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी भाषणाचा कागद घडी करून ठेवून दिला.

तुमच्यासाठी नाही. नीट वाचा. तुमच्यासाठी मी आता इकडची काडी तिकडे करणार नाही. पण ती अठ्ठावीस वर्षांची पोरगी भरल्या मांडवात, शाळेच्या पोरांसमोर, आपला बाप काय होता ते माझ्या तोंडून ऐकणार आणि मी माझी अब्रू वाचवल्याचं समाधान घेऊन घरी येणार, हे मला जमत नाही. कॉलनीत वाढलेल्या पोरीला यातलं काही माहीत नाही, हे मला जरा अवघडच वाटतं. पण तुम्ही म्हणता म्हणून धरतो. पुन्हा एकदा तुमच्या शब्दावर.

म्हणजे मी त्या दिवशी खोट्या विमानावरचा कपडा काढणार, टाळ्या घेणार आणि खाली बसणार. अडुसष्ट सालापासून ज्या शाळेच्या भिंती मला ओळखतात, तिथे. तुम्हाला याचा अर्थ कळतो का? पहिली चूक मी न कळता केली. ही मी डोळे उघडे ठेवून करणार आहे. तुमची पोरगी तुम्हाला मोठं समजत राहावी म्हणून मी माझ्याच नजरेतून उतरणार.

रत्ना विचारते, "एवढा मोठा मान मिळतोय आणि तोंड असं का पाडलंय?" मी म्हटलं, पित्त झालंय.

दिवाळीला मी वणीला येणार नाही. कारण तुम्हीच काहीतरी शोधून सांगा. तुम्हाला तर न बोलताही सांगता येतं.

सोमनाथ


नाशिक, २ मार्च २०२५

शेखरराव,

हे शेवटचं. यात काही गोष्टी तुम्हाला सांगायची माझी अजिबात इच्छा नाही, पण त्या तुमच्या आहेत, माझ्याकडे ठेवून काय करू?

कार्यक्रम झाला. थाटात झाला. मांडव, लेझीम, सगळं. प्रतिकृती फायबरची, दोन शेपट्या, पाठीवर हवेचं तोंड, चकचकीत काळा रंग, शाळेच्या व्हरांड्यात तारांनी टांगलेली. मी दोरी ओढली आणि पोरं ओरडली. वैष्णवीने खरंच शिट्टी मारली, सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी लहानपणी माळावर पाहिलेल्या विमानाबद्दल बोललो, कारण तेवढं एकच खरं माझ्याजवळ होतं. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे विमान कोणी उडवलं?" मी म्हटलं, "बाळ, त्याचं नाव कुणालाच माहीत नाही." टाळ्या पडल्या. मला तिथेच मेल्यासारखं झालं.

परत येताना गाडी वैष्णवी चालवत होती. मी पुढे, मागे रत्ना आणि सासूबाई. सिन्नर सुटलं, आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, "जावईबापू, तुमचं मन लय मोठं हाय बघा. आजबी शेखरचं राखलंत."

मी म्हटलं, "काय राखलं?"

"आता काय राखलं! येवढ्या लोकांत म्हनला असता, आमचा साडू पानी सोडायचा, तर काय त्वांड दाखवलं आसतं त्यानं? नाय म्हनलात. इतकी वर्सं नाय म्हनलात."

मी मागे वळून बघितलं. रत्ना खिडकीबाहेर बघत होती, पण हसत होती, मायेने. आणि वैष्णवी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "काका, मी तिसरीत होते तेव्हा कळलं मला. मैत्रिणीची आई मला म्हणायची, तुझ्या पप्पांना सांग, आज जरा जास्त वेळ पाणी सोडा. टाकीवर डबा द्यायला जायचे की मी! पण पप्पांना वाटतं मला माहीत नाही, म्हणून मी पण कधी बोलले नाही. तुम्ही दिवाळीला त्यांना विचारायचात ना, शेपट्या किती नि काय, तेव्हा मी जिन्यात बसून ऐकायचे. वाटायचं, काका किती गोड आहेत. पप्पांचं मन राखायला किती मन लावून नाटक करतात."

तर ऐका, शेखरराव. तुमच्या पोरीला माहीत होतं. ती टाकीवर डबा घेऊन यायची आणि तरी तुम्हाला वाटलं तिला माहीत नाही! बायकोला माहीत, सासूबाईंना माहीत. माझ्या बायकोलाही माहीत, उज्वलाने तिला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. तुम्ही कुणापासून काय लपवत होतात, हे तुमचं तुम्ही बघा. ज्या पोरीसाठी मी स्टेजवर तोंड शिवून बसलो, तिला ते टाके नकोच होते. बापाबद्दलची तिची माया शेडवर नव्हती. आता निवांत झोपा.

पण माझं काय झालं तेही ऐका. सगळ्या घराला वाटत होतं की मी वेड पांघरून पेडगावला जातोय. मी तर नुसताच वेडा होतो हो!

मी रत्नाला विचारलं, "आणि पुस्तक? पुस्तकात छापलंय ते?"

ती म्हणाली, "अहो, त्यात काय? हौसेनं लिहिलंत. कुणाचं काय बिघडलं?"

हौसेनं.

शेखरराव, तुमचा राग आला होता तेव्हा निदान मला एवढं वाटत होतं की एका माणसाने एका माणसाला फसवलं. हे तसं नाही. जिथे मी जेवलो, झोपलो, जिथे पहिली प्रत देवापुढे ठेवली, त्या माणसांनी माझं पुस्तक खोटं धरूनच हातात घेतलं होतं. मी अभिलेखागारांत उन्हाळेच्या उन्हाळे काढले, डोळे घालवले, पेन्शनीतल्या लोकांच्या दारात चपला झिजवल्या, आणि घर समजत होतं की मास्तर खेळ करतोय. आणि खेळ म्हणून मला मोठं मन बहाल केलं! यापेक्षा तुम्ही सगळे मिळून मला हसला असतात तर बरं होतं.

वैष्णवीने विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतंच ना? पहिल्यापासून?"

काय सांगणार? 'माहीत होतं' म्हटलं, तर मी जाणूनबुजून खोटा इतिहास लिहिणारा. 'नव्हतं' म्हटलं, तर तीस वर्षं साडूच्या चकलीवरून विमान मोजणारा महामूर्ख. मोठ्या मनाचा लबाड की बिनडोक प्रामाणिक, यातलं एक निवडायचं होतं, तेही मोहदरी घाट उतरायच्या आत.

मी गप्प बसलो. बाहेर बघत राहिलो. आणि त्या तिघींनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. सासूबाईंनी मागून माझ्या पाठीवर हात फिरवला. तुम्हाला इतकी वर्षं कसं वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं. ऊब वाटते हो. सोडवत नाही. पण म्हणून मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका.

काल सकाळी मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं की विमान काल्पनिक आहे अशी पाटी लावा. ते म्हणाले, "सर, पोरांना आवडलंय, राहू द्या की." मी म्हटलं, पाटी लावा नाहीतर मी येऊन तार कापतो. लावतो म्हणाले.

मग प्रकाशकाला फोन करून सगळं सांगितलं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. ते प्रकरण काढा, असं त्याचं म्हणणं. नाही काढणार. ते प्रकरण मी पुन्हा लिहितोय. विमान कसं रचलं गेलं, कुठल्या हसण्यावरून काय लिहिलं गेलं, सगळं. तुमचं नाव, गाव, कारखाना, काहीही त्यात असणार नाही. तुम्ही 'एक नातेवाईक' आहात, आणि मी तुम्हाला दोष दिलेला नाही, कारण पुस्तक माझं आहे. पहिलं वाक्य लिहून झालंय. 'मला माहीत नव्हतं.'

हे वाक्य वैष्णवी वाचेल. सासूबाईंना कुणीतरी वाचून दाखवेल. मोठ्या मनाचा जावई म्हणून वणीला माझं जे काही होतं ते त्या दिवशी संपेल, आणि पुढच्या लग्नकार्यात माझ्याकडे बघून पदराआड हसतील. हसू देत. मला इतिहासकार म्हणून मूर्ख ठरायचंय. तो माझा हक्क आहे, आणि तो मी तुमच्या कुणाच्या मायेसाठी सोडणार नाही.

रत्ना आत्ता चहा घेऊन आली. म्हणाली, "शेखरला लिहिताय? लिहा, लिहा, बरं वाटेल त्याला. तुम्हीच सांभाळून घेता सगळ्यांना." कप ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तिला अजून सांगितलेलं नाही. पुस्तक आलं की वाचेल. आजवर माझं एकही वाचलेलं नाही तिने, पण हे मी तिच्या हातात देणार आहे, आणि ती वाचत असताना समोर बसणार आहे.

सोमनाथ लोंढे